किल्ली होती, तरी ९५३ पोर्ट उघडं होतं

२१ सप्टेंबर २०२३, गुरुवार. गणपती बसून तिसरा दिवस, आणि घरी गौरी यायच्या होत्या. सकाळी चहा घेता घेता मेल उघडली तर आयएससीची, म्हणजे बाइंड हा नेम सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्या संस्थेची, आदल्या दिवशीची सूचना आलेली होती. सुरक्षा-दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-३३४१. त्यातला एक मुद्दा मी तीनदा वाचला. बाइंडच्या कंट्रोल चॅनलवर, म्हणजे त्याला आज्ञा देण्याच्या वाटेवर, येणारा प्रत्येक संदेश आधी पूर्ण उलगडला जातो आणि तो कुणी पाठवला याची खातरजमा त्यानंतर होते. त्यामुळे या दोषाचा फायदा घ्यायला किल्ली, म्हणजे आज्ञेवर सही करायचं गुपित, लागतच नाही; त्या वाटेच्या पोर्टपर्यंत (मशीनवरच्या क्रमांकाच्या दारापर्यंत) पोचता आलं की पुरे.

मी ज्या शिक्षणसंस्थेचे नेम सर्व्हर सांभाळते, तिथे त्या पोर्टपर्यंत कुणालाही पोचता येत होतं. ही गोष्ट मला दोन वर्षं माहीत होती. किल्लीशिवाय कुणाला काही करता येणार नाही, या भरवशावर मी ती तशीच राहू दिली होती. हे प्रकरण लिहून काढायचं कारण तेच. हा भरवसा माझा एकटीचा नाही, बाइंड चालवणाऱ्या अनेकांकडून मी तो ऐकला आहे.

संस्था पश्चिम महाराष्ट्रातली. सात महाविद्यालयं, एकच डोमेन आणि त्याखाली प्रत्येक कॉलेजचं सबडोमेन, त्याची वेगळी झोन फाइल, म्हणजे त्यातल्या नावांची आणि पत्त्यांची यादी. नेम सर्व्हर तीन. प्रायमरी, म्हणजे मूळ प्रत ठेवणारा, पुण्याच्या कॅम्पसमध्ये, एक सेकंडरी, म्हणजे नक्कल ठेवणारी, मुंबईत भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, दुसरी सेकंडरी संस्थेच्या जुन्या कॅम्पसमध्ये. तिन्हींवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि बाइंड ९.१८. चार कॉलेजांचे ऑपरेटर आपापली झोन फाइल स्वतः बदलतात. प्रवेशाच्या दिवसांत एखादं पान दुसऱ्या मशीनवर हलवायचं असतं, निकालाच्या आधी पत्ता बदलायचा असतो. दरवेळी पुण्याला फोन करून थांबणं त्यांना परवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या आधी हे काम पाहणाऱ्यांनी त्यासाठी एक व्यवस्था लावली होती. ऑपरेटरला शेल, म्हणजे सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवायची मुभा, द्यायचं नाही, हा संस्थेचा नियम. म्हणून त्यांना फक्त एसएफटीपीचं, म्हणजे फाइल चढवण्यापुरतं, खातं दिलं. झोन फाइल चढवायची आणि मग आपल्या पीसीवरून आरएनडीसीनं रिलोडची, म्हणजे फाइल पुन्हा वाचण्याची, आज्ञा द्यायची. आरएनडीसी म्हणजे रिमोट नेम डीमन कंट्रोल, बाइंडला कमांड लाइनवरून चालवण्याचं साधन. ते टीसीपीच्या ९५३ पोर्टवर नेम्डशी, म्हणजे बाइंडच्या चालू प्रोग्रॅमशी, बोलतं. बाइंडच्या कॉन्फिगरेशनमध्ये कंट्रोल्स नावाचा भाग असतो. कोणत्या पत्त्यावर ऐकायचं, कुणाकडून आलेली जोडणी घ्यायची आणि कोणती किल्ली मानायची, हे तिथे लिहायचं. हा भाग लिहिलाच नाही तर नेम्ड फक्त १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ च्या लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या पत्त्यांवर) ऐकतो, म्हणजे मशीनच्या बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. आमच्याकडे तो मुद्दाम लिहिलेला होता.

सुरुवातीला अलाउच्या, म्हणजे परवानगीच्या, यादीत चार कॉलेजांचे चार पत्ते होते. मग एका कॉलेजनं ब्रॉडबँड बदलला आणि पत्ता रोज बदलू लागला. नंतर दुसऱ्याचंही तसंच झालं. कुणीतरी, बहुधा रात्री उशिरा आणि घाईत, यादी काढून तिथे एनी, म्हणजे कुणीही, हा एकच शब्द लिहिला. फायरवॉलमध्येही ९५३ सगळ्यांसाठी खुलं केलं. मी काम हाती घेतलं तेव्हा फाइल अशीच होती. किल्ली एचमॅक-एमडी५ या सहीच्या जुन्या पद्धतीची, सगळ्यांसाठी एकच, आणि चारही पीसींवर ठेवलेली.

आता ही किल्ली करते काय, ते नीट पाहिलं पाहिजे. आरएनडीसी आणि नेम्ड या दोघांकडे एकच गुपित असतं. आरएनडीसी आज्ञा तयार करतं, तिच्यावर त्या गुपितानं सही करतं आणि सोबत वेळ लिहितं. नेम्ड सही ताडून पाहतो आणि वेळ स्वतःच्या घड्याळापेक्षा ३०० सेकंदांहून जास्त पुढेमागे असेल तर नाकारतो. प्रत्यक्षात संवाद दोन टप्प्यांत होतो. आधी एक रिकामी आज्ञा जाते, उत्तरात नेम्ड एक यादृच्छिक आकडा देतो आणि खऱ्या आज्ञेत तो आकडा परत द्यावा लागतो. म्हणजे कुणी वाटेत संदेश टिपून पुन्हा पाठवला तरी उपयोग नाही. ही रचना चांगली विचार करून केलेली आहे. फक्त दोन गोष्टी तिच्यात नाहीत. एक, संदेश झाकलेला नसतो. सही असते, पण मजकूर वाटेत कुणालाही वाचता येतो. दुसरी जास्त महत्त्वाची. किल्लीला पायऱ्या नाहीत. ज्याला रिलोड करता येतं त्याला त्याच किल्लीनं स्टॉप करता येतं, हॉल्ट करता येतं, झोन फ्रीझ करता येतो, कॅश पुसता येते. ऑपरेटरला शेल नको म्हणून आम्ही त्यांच्या हाती अख्खा नेम सर्व्हर दिला होता.

आणि २० सप्टेंबरच्या सूचनेनं या सगळ्याच्या आधीची पायरी दाखवली. सही ताडायची तर संदेशातून ती आधी शोधावी लागते. त्यासाठी संदेश उलगडणारा कोड स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो, एकात एक अशा थरांत. थर किती खोल जाऊ द्यायचे याला संदेशाच्या आकारापलीकडे मर्यादा नव्हती. मुद्दाम खोल थरांचा संदेश पाठवला की स्टॅकची, म्हणजे त्या कामाला दिलेल्या स्मरणाची, जागा संपते आणि नेम्ड कोसळतो. दोष ९.१८.१९ मध्ये आणि जुन्या मालिकेत ९.१६.४४ मध्ये दुरुस्त झाला. यानं माहिती चोरीला जात नाही, झोन बदलत नाही. पण नेम सर्व्हरनं उत्तर देणं थांबवणं ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या झोनचा टीटीएल, म्हणजे इतरांनी आमचं उत्तर जपून ठेवायचा काळ, ३६०० सेकंदांचा होता. तिन्ही सर्व्हर एकदम पाडून तसेच पाडत राहिलं असतं, तर तासाभरात सातही कॉलेजांच्या वेबसाइट आणि मेल इंटरनेटवरून दिसेनाशा झाल्या असत्या. सिस्टीमडीनं, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, नेम्ड पुन्हा उभा केला असता, पुढच्या संदेशानं तो पुन्हा पडला असता.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. मार्च २०१६ मधल्या सीव्हीई-२०१६-१२८५ मध्येही कंट्रोल चॅनलवर वेडावाकडा संदेश आला की नेम्ड बंद पडत असे. अलाउच्या यादीतल्या पत्त्यावरून पाठवता आलं की पुरत होतं. मी तो काळ पाहिलेला आहे. पॅकेज अद्ययावत केलं आणि पुढे गेले. मुळातली रचना तशीच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आज्ञा ऐकणारा कान आणि जगाला उत्तरं देणारं तोंड एकाच प्रोसेसमध्ये आहे. कानात खडा गेला की तोंड बंद.

गुरुवारी सकाळी केलेलं पहिलं काम म्हणजे पोर्ट बंद करणं. पॅकेज नंतर. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे. पॅकेज येईल, चाचणी होईल, तीन मशीनवर चढेल, यात वेळ जातो. फायरवॉलमधली ओळ काढायला एक मिनिट पुरतं. तिन्ही मशीनवर ९५३ बाहेरून बंद केलं. मग कंट्रोल्समधला पत्ता १२७.०.०.१ केला आणि अलाउमध्येही तेवढंच ठेवलं. नंतर मोबाइलच्या डेटावरून तिन्ही पत्त्यांवर ९५३ ला जोडून पाहिलं, आणि तिन्हीकडून काहीच आलं नाही. आतल्या नेटवर्कवरून करून पाहिलेली चाचणी इथे फसवते, म्हणून मोबाइलवरून.

अकराच्या सुमारास एका कॉलेजमधून फोन आला.

"मॅडम, रिलोड होत नाहीये. बराच वेळ थांबून टाइम्ड आउट येतंय. शिष्यवृत्तीच्या पानाचा पत्ता बदलायचाय, पोरं थांबलीत."

"दादा, मीच बंद केलंय ते. फाइल चढवली असेल तर सांगा, मी इथून रिलोड देते."

"चढवलीय. पण बंद का केलं? किल्ली तर आपल्याशिवाय कुणाकडे नाही."

"किल्ली विचारायच्या आधीच सर्व्हर पडतोय. दाराशी येऊन नुसतं ढकललं तरी पुरतंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आम्ही रोज तुम्हाला फोन करायचा का?" प्रश्न रास्त होता. असा प्रश्न अनुत्तरित राहिला की पुढच्या कुणाच्या तरी घाईच्या रात्री पुन्हा एनी लिहिलं जातं. त्यामुळे उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं मी ठरवलं.

दुरुस्त पॅकेज चढवणं सोपं गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. किल्ली बदलताना मात्र प्रायमरीवर मी चूक केली. आरएनडीसी-कॉनफजेन या किल्ली बनवणाऱ्या साधनाला मायनस ए देऊन एचमॅक-शा२५६ ची नवी किल्ली बनवली, कॉन्फिगरेशनमधून जुनी काढून नवी जोडली आणि आरएनडीसी रिकॉनफिग, म्हणजे कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायची आज्ञा, दिलं. उत्तरात तो ओळखीचा लांबलचक संदेश आला: जोडणी बंद झाली, प्रोटोकॉल जुना असेल, किंवा या मशीनला परवानगी नसेल, किंवा घड्याळं जुळत नसतील, किंवा अल्गोरिदम चुकीचा असेल, किंवा किल्ली चुकीची असेल. पाच कारणं, आणि त्यातलं नेमकं कोणतं ते सांगत नाही. इथे कारण साधं होतं. आरएनडीसीनं फाइलमधली नवी किल्ली वाचली, पण चालू असलेल्या नेम्डच्या स्मरणात अजून जुनीच होती. नवी किल्ली मान, हे सांगायलाही जुनीच किल्ली लागत होती आणि ती मी पुसली होती. सिस्टीमडीच्या सिस्टीमसीटीएलनं रिलोड करून पाहिलं तर तेही अडलं, कारण आमच्या सर्व्हिस फाइलमध्ये रिलोड म्हणजे आतून आरएनडीसी रिलोडच आहे. शेवटी नेम्डला हँगअप सिग्नल पाठवला, त्यानं कॉन्फिगरेशन पुन्हा वाचलं आणि वाट मोकळी झाली. सर्व्हर क्षणभरही थांबला नाही.

उरलेल्या दोन मशीनवर मग शिस्तीनं केलं. कीजच्या यादीत दोन्ही किल्ल्या ठेवल्या, जुनीनं रिकॉनफिग दिलं, नवीनं स्टेटस विचारून खात्री केली आणि त्यानंतर जुनी काढली. मुंबईच्या मशीनवर आरएनडीसी डॉट कॉन्फ नावाची जुनी फाइल पडलेली होती. ती असली की आरएनडीसी तीच वापरतं आणि डॉट की फाइलकडे बघत नाही. तसा एक इशारा छापतं, पण तो डोळ्यांखालून सहज निसटतो. ती फाइल काढून टाकली.

जुन्या कॅम्पसच्या मशीनवर वेगळंच काही सापडलं. तिथलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, कारण कॅम्पसच्या फायरवॉलनं एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, अडवलं होतं. ऑपरेटर वर्षभर सांगत होते की त्या मशीनला आज्ञा दिली की हाच लांबलचक संदेश येतो. आणि त्या एकाच सेकंडरीसाठी झोन ट्रान्सफरवरची, म्हणजे प्रायमरीकडून नक्कल घेतानाची, टीसिगची सही बंद का ठेवलेली होती, तेही आता कळलं. टीसिगमध्येही सामान्यतः ३०० सेकंदांचीच सवलत असते. घड्याळ दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी सही काढली होती. क्रोनी हे घड्याळ जुळवणारं साधन सुरू केलं, घड्याळ जुळलं, सही परत लावली.

आता ऑपरेटरांची नवी वाट. माझा निर्णय असा झाला की आरएनडीसी मशीनबाहेर जाऊ द्यायचंच नाही. माणसानं मशीनपर्यंत यायचं, तेही एसएसएच या सुरक्षित जोडणीनं, आणि तिथे त्याला एकच ठरलेलं काम करता यायला हवं. प्रत्येक ऑपरेटरची वेगळी, ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच किल्ली. ऑथराइज्ड कीज या मान्य किल्ल्यांच्या फाइलमध्ये त्या किल्लीच्या ओळीला सुरुवातीला दोन शब्द जोडले: रिस्ट्रिक्ट (इतर सोयी बंद), आणि कमांड म्हणून आमच्या एका छोट्या स्क्रिप्टचा मार्ग. ऑपरेटर काहीही टाइप करो, एसएसएच ती स्क्रिप्टच चालवतं. मूळ टाइप केलेला मजकूर स्क्रिप्टला एका व्हेरिएबलमध्ये मिळतो. स्क्रिप्ट तो मजकूर आपल्या यादीशी अक्षरशः ताडून पाहते: अमुक झोनचा रिलोड, अमुक झोनचं झोनस्टेटस. यादीत नसलेलं काही आलं तर नकार देऊन बाहेर. तो मजकूर शेलकडे पुन्हा वाचायला कधीच द्यायचा नाही, कारण तिथे एक अर्धविराम घुसला तरी पुढे काय चालेल सांगता येत नाही.

रिलोडच्या आधी स्क्रिप्ट नेम्ड-चेकझोन हे झोन फाइल तपासणारं साधन चालवते. यामागे अनुभव आहे. झोन फाइलमध्ये चूक असेल तर रिलोडच्या वेळी नेम्ड ती नाकारतो आणि स्मरणातली जुनीच माहिती देत राहतो. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. मग महिन्याभरानं मशीन रीस्टार्ट होतं आणि अख्खा झोन गायब होतो, तेव्हा कुणालाच आठवत नाही की कुठे टिंब द्यायचं राहिलं होतं. चूक झाल्या क्षणी ऑपरेटरच्या पडद्यावर दिसली तर तो ती लगेच दुरुस्त करतो.

स्क्रिप्टला आरएनडीसी चालवायला परवानगी हवी. इथे सोपा मार्ग म्हणजे त्या खात्याला बाइंडच्या ग्रुपमध्ये टाकणं. तो मी घेतला नाही. त्या ग्रुपला किल्लीची फाइल वाचता येते, आणि किल्ली वाचता आली की पुन्हा सगळी सत्ता आली. त्याऐवजी सुडोमध्ये, म्हणजे ठरावीक आज्ञाच जास्त अधिकारानं चालवू देणाऱ्या साधनात, झोनच्या नावासकट पूर्ण आज्ञा लिहिली, एकेका झोनची एकेक ओळ. सात झोन, म्हणजे टंकायला काही फार नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, लक्षात आलं की एक खिडकी अजून उघडीच आहे. जुनी एसएफटीपी खाती. त्यांना शेल नव्हतं, फोल्डरही बांधून दिलेलं होतं, पण पोर्ट फॉरवर्डिंग बंद केलेलं नव्हतं. म्हणजे त्यातल्या कुणालाही एसएसएचच्या आतून बोगदा काढून सर्व्हरच्या स्वतःच्या १२७.०.०.१ वर, ९५३ ला पोचता आलं असतं. लूपबॅकवर बांधलं म्हणून बिनघोर झाले होते, आणि लूपबॅकपर्यंतचा रस्ता मीच शाबूत ठेवला होता. एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या, कॉन्फिगरेशनमध्ये त्या खात्यांसाठी टीसीपी फॉरवर्डिंगला नो केलं आणि बोगदा काढता येत नाही हे करून पाहिलं. नव्या किल्ल्यांवर रिस्ट्रिक्ट शब्द असल्यानं तिथे हे आपोआप बंद होतं. बाइंडबद्दल लिहिणाऱ्यांकडून हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो, म्हणून इथे सविस्तर लिहिला.

मला विचारलं गेलं, ९५३ बंद करून २२, म्हणजे एसएसएचचं पोर्ट, उघडं ठेवलं, फरक काय पडला? माझ्या लेखी खूप पडला. एसएसएचडी अनोळखी जगाकडून मार खायचा हे धरूनच लिहिलेला आहे. त्याचा बाहेरच्याशी बोलणारा भाग वेगळ्या, कमी अधिकाराच्या प्रोसेसमध्ये चालतो. आणि उद्या एसएसएचडी पडलाच, तर नेम्ड उत्तरं देत राहील. रिलोड करता येणार नाही, पण वेबसाइट आणि मेल चालू राहतील. दुसरी गोष्ट नोंदीची. पूर्वी नेम्डच्या लॉगमध्ये एवढंच दिसे की कंट्रोल चॅनलवर रिलोडची आज्ञा आली. चौघांची किल्ली एकच, मग दिली कुणी? आता एसएसएचचा लॉग किल्लीचा ठसा सांगतो, तो कुणाचा हे मला माहीत असतं.

देखरेखीच्या मशीनलाही पूर्वी तीच किल्ली दिलेली होती, दर पाच मिनिटांनी स्टेटस विचारायला. बाइंड ९.११ पासून कंट्रोल्समध्ये रीड-ओन्ली असा पर्याय आहे. त्यानं चॅनल फक्त माहिती विचारण्यापुरता राहतो. तो वापरावा असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. पण एप्रिल २०१७ च्या सीव्हीई-२०१७-३१३८ मध्ये रिकामी आज्ञा पाठवून नेम्ड पाडता येत होता, आणि रीड-ओन्लीचं बंधन ते अडवू शकत नव्हतं. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला. तरी मी विचार असा केला की देखरेखीला खरं काय हवंय? तिन्ही सर्व्हर उत्तर देतात का, आणि तिघांकडचा एसओए क्रमांक, म्हणजे झोनच्या आवृत्तीचा आकडा, एकच आहे का. हे दोन्ही डिग या नेम सर्व्हरला प्रश्न विचारायच्या साध्या साधनानं कळतं, त्याला कुठलीही किल्ली लागत नाही. देखरेखीची किल्ली काढून टाकली.

इतर नेम सर्व्हर हे कसं सोडवतात तेही यानिमित्तानं पाहून घेतलं. झेक रजिस्ट्रीचं नॉट आणि पॉवरडीएनएस हे नेहमीच्या मांडणीत युनिक्स सॉकेटवर, म्हणजे मशीनच्या आतच असलेल्या फाइलसारख्या दारावर, आज्ञा घेतात, म्हणजे नेटवर्कचा प्रश्नच येत नाही, फाइलच्या परवानग्याच पहारा देतात. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जच्या एनएसडीमध्ये ८९५२ पोर्टवर टीएलएस आणि दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं आहेत, त्यामुळे मजकूर झाकला जातो. मला सॉकेटची रीत सगळ्यात पटते. पण तेवढ्यासाठी बाइंड सोडावा असं वाटत नाही. लूपबॅक आणि एसएसएच मिळून आम्हाला जे हवं ते मिळालं.

एक काम उरलं होतं. जुनी एमडी५ ची किल्ली चार पीसींवर आहे असं मी धरून चालले होते. विचारत गेले तेव्हा ती एका व्हॉट्सॲप ग्रुपवरही निघाली, एका ऑपरेटरचा पीसी बदलला तेव्हा टाकलेली. ग्रुपमध्ये एकोणीस माणसं, त्यातली पाच संस्था सोडून गेलेली. किल्ली आता कुठलंच दार उघडत नव्हती. तरी मी प्रत्येकाला फोन करून ती पुसायला सांगितली, कारण तीच अक्षरं दुसरीकडे पासवर्ड म्हणून वापरली गेली असतील तर मला ते कळायचा मार्ग नव्हता. एका ठिकाणी खरंच वापरलेली निघाली, कॉलेजच्या राउटरला.

२८ तारखेला, अनंत चतुर्दशीच्या सकाळी, आदल्या गुरुवारी फोन करणाऱ्या त्याच दादांनी नव्या वाटेनं पहिला रिलोड दिला. स्क्रिप्टनं नकार दिला: झोन फाइलच्या एकविसाव्या ओळीत नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं होतं, आणि त्यामुळे तो पत्ता झोनच्या बाहेरचा धरला जात नव्हता. त्यांनी फाइल सुधारली, चढवली, पुन्हा आज्ञा दिली. नेम्डच्या लॉगमध्ये रिलोडची ओळ आली, एसएसएचच्या लॉगमध्ये त्यांच्या किल्लीचा ठसा. मला फोन आला तो मिरवणुकीमुळे कॉलेज दुपारी लवकर बंद होणार हे सांगायला.